युद्धबंदी कोणास म्हणावें?

शेंद्र्याहून पश्चिमेस निघून छत्रपती संभाजीनगर शहर ओलांडलें, म्हणजे थोड्याच अंतरावर देवगिरीचा दुर्ग दृष्टीस पडतो. गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान अबुल हसन कुतुबशहा १६८७ सालीं औरंगजेबाच्या हातीं सांपडला, त्यास याच दुर्गांत ठेविलें होतें. कैदेंतच त्याचा अंत झाला. १६८९ च्या फेब्रुवारींत छत्रपती संभाजी महाराज संगमेश्वरास पकडले गेले आणि मार्चमध्यें त्यांचा हालहाल करून वध झाला. त्याच वर्षीं रायगड पडला. बाल शाहूराजे बादशहाच्या छावणींत गेले, ते १७०७ त सुटले. बंदी तिघे, बादशहा एकच; परंतु एकास मरेपर्यंत कोंडवास, दुसऱ्यास मृत्यु व तिसऱ्यास अठरा वर्षांची नजरकैद. या भेदाच्या मुळाशीं जेत्याच्या मर्जीवांचून दुसरा नियम नव्हता.

या मर्जीस कायद्याचा लगाम घालण्याचा उद्योग एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत सुरू झाला. हेग येथील १८९९ व १९०७ चे करार, जिनीव्हाचा १९२९ चा करार आणि १९४९ चा तिसरा जिनीव्हा करार ह्या त्याच्या पायऱ्या होत. या शेवटच्या करारांत १४३ कलमें आहेत. युद्धबंदी हा त्यास पकडणाऱ्या सैनिकाचा किंवा सेनापतीचा नव्हे, त्याची जबाबदारी शत्रुराष्ट्रावर असते. त्याचा बंदिवास ही शिक्षा नव्हे, तर त्यानें पुन्हां रणांगणावर जाऊं नये एवढ्यापुरती ती व्यवस्था आहे. आणि म्हणून लढाई थांबतांच त्यास विलंब न लावतां मायदेशीं पाठविलें पाहिजे, असें त्यांचें सार सांगतां येईल.

या कायद्याची कसोटी आपल्या गोमंतकांतच लागली. १९ डिसेंबर १९६१ रोजीं गव्हर्नर जनरल व्हासालु इ सिल्व्हा यांनीं भारतीय सेनेपुढें शरणागति पत्करली. पोर्तुगीज शिपाई एक तर जिंकतील, नाहीं तर मरतील, कैदी कोणी होणार नाहीं, अशा आशयाचा मुख्य प्रधान सालाझार यांचा हुकूम त्यापूर्वींच येऊन पडला होता. तरीही सुमारें ३३०० पोर्तुगीज सैनिक जिवंत राहिले व भारतानें त्यांस युद्धबंदी मानिलें. १९६२ च्या मे महिन्यांत ते कराचीमार्गें स्वदेशीं गेले. पांच महिन्यांचा हा अवधि ‘विलंब न लावतां’ या शब्दांशीं नीट जुळत नाहीं, हेंही सांगितलें पाहिजे. सिल्व्हा यांस शत्रूनें सोडिलें, पण स्वतःच्या सरकारानें १९६३ त सैन्यांतून बडतर्फ केलें.

आतां दुसरी बाजू पाहूं. सांगलीचे मोहन रानडे गोमंतकांत मराठीचे शिक्षक होते. ते आझाद गोमंतक दलाच्या सशस्त्र लढ्यांत उतरले व १९५५ त बेतीच्या पोलीस ठाण्यावरील हल्ल्यांत जखमी होऊन पकडले गेले. त्यांस २६ वर्षांची शिक्षा झाली व पुढें पोर्तुगालांतील तुरुंगांत नेण्यांत आलें. सिल्व्हांचे शिपाई घरीं पोहोंचले तेव्हां रानडे कोठडींतच होते. ते सुटले १९६९ च्या जानेवारींत. हत्यार दोघांच्याही हातीं होतें. परंतु शिपायाच्या अंगावर एका राष्ट्राचा गणवेष होता, आणि रानड्यांस पोर्तुगीज सत्ता केवळ गुन्हेगार समजत होती.

वसाहतींच्या राज्याविरुद्ध लढणाऱ्यांस या कायद्याच्या छायेंत घेणारा पुरवणी करार १९७७ सालीं झाला, म्हणजे रानडे सुटल्यावर आठ वर्षांनीं. आश्चर्य हें कीं, स्वातंत्र्यासाठीं झगडलेल्या भारतानेंही त्यास अद्याप मान्यता दिलेली नाहीं.

आमच्या मतें, कैद्याशीं कसें वागावें हा प्रश्न कायद्यानें पुष्कळसा सोडविला आहे. कैदी कोणास म्हणावें हा मात्र अजून सुटावयाचा आहे. शंका असल्यास न्यायासनाचा निर्णय होईपर्यंत त्यास युद्धबंदीच समजावें, असें १९४९ च्या करारांत कलम आहे. परंतु जी सत्ता आपल्या मनांत शंका येऊंच देत नाहीं, तिला तें कलम कसें अडविणार? तेवढ्यापुरती जेत्याची जुनी मर्जी आजही शिल्लक आहे.