मेर्क्स, एडी
(१७ जून १९४५ – ). बेल्जियमचा व्यावसायिक सायकलपटू. रस्त्यावरील शर्यतींत सर्वाधिक विजय मिळवणारा खेळाडू. जन्म ब्रॅबंट प्रांतातील मेन्सेल-किझेगेम येथे. आईवडिलांचे ब्रुसेल्सजवळ किराणा दुकान होते. १९६४ मध्ये हौशी गटाचे जागतिक विजेतेपद मिळवून पुढील वर्षी तो व्यावसायिक झाला. प्यूजो, फाएमा व मोल्तेनी हे त्याचे प्रमुख संघ.

तूर द फ्रान्स (पहा) आणि जिरो दितालिया (पहा) या शर्यती त्याने प्रत्येकी पाच वेळा जिंकल्या. व्यावसायिक जागतिक विजेतेपद तीनदा. मिलान–सान रेमो ही एकदिवसीय शर्यत त्याने सात वेळा जिंकली. चढ, सपाट रस्ता व घड्याळाविरुद्धची शर्यत या तिन्हींत तो सारखाच प्रबळ होता, आणि हे फार दुर्मिळ. १९६९ च्या तूरमध्ये एकूण आघाडी दाखवणारी पिवळी जर्सी अंगावर असताना, केवळ बचाव पुरेसा असूनही, पिरनीज पर्वतातील तूरमाले घाटापासून सुमारे १४० किमी. तो एकटा पुढे राहिला. त्याच वर्षी ब्ल्वा येथील अपघातात पाठीला इजा झाली. चढावर ती पुढे कायम जाणवत राहिली.

२५ ऑक्टोबर १९७२ रोजी मेक्सिको सिटीच्या विरळ हवेत त्याने तासाभरात ४९.४३१ किमी. अंतर कापले. सायकल कोल्नागो यांनी बांधलेली, वजन सहा किग्रॅ.पेक्षा कमी. हा विक्रम १९८४ मध्ये इटालियन सायकलपटू मोझेरने मोडला (पहा : तास-विक्रम). १९७५ च्या तूरमध्ये एका प्रेक्षकाने त्याला ठोसा मारला; फ्रेंच सायकलपटू तेव्हेनेने त्याला हरवले. १९७८ मध्ये तो निवृत्त झाला व १९८० मध्ये त्याने सायकलींचा कारखाना काढला.