‘कॅनडाचं गाणं’ म्हणजे नक्की काय? जुनो पुरस्कार आणि व्याख्येचा प्रश्न

सिनॉप्सिस घेऊन गेलात की गाईड हमखास विचारतात, “या संज्ञेची तुमची व्याख्या काय?” बऱ्याच जणांना ही नुसती औपचारिकता वाटते. शब्दकोशातली दोन वाक्यं उतरवली की झालं! पण व्याख्या बदलली की उत्तर कसं बदलतं, हे कॅनडाच्या जुनो संगीत पुरस्कारांच्या इतिहासात फार स्पष्ट दिसतं.

आधी पार्श्वभूमी बघू. 1960 च्या दशकात कॅनडाच्या रेडिओवर अमेरिकन गाण्यांचं राज्य होतं. नील यंग, जोनी मिचेल यांच्यासारखे कलाकार अमेरिकेत गेले. 1964 मध्ये वॉल्ट ग्रेलिस यांनी टोरांटोत ‘आरपीएम’ हे संगीत व्यवसायाचं साप्ताहिक सुरू केलं आणि देशी कलाकारांसाठी वाचकांचा कौल घ्यायला सुरुवात केली. त्यातूनच 1970 साली, स्टॅन क्लीस यांच्या साथीनं, टोरांटोच्या सेंट लॉरेन्स हॉलमध्ये ‘गोल्ड लीफ’ पुरस्कारांचा सोहळा झाला. पुढच्याच वर्षी त्याचं नाव ‘जुनो’ झालं. हे नाव प्रसारण नियामक आयोगाचे अध्यक्ष पिएर जुनो यांच्यावरून आलं. कारण याच आयोगानं जानेवारी 1971 पासून एएम रेडिओवरची 30 टक्के गाणी कॅनडाची असलीच पाहिजेत, असा नियम लागू केला होता.

आता खरी अडचण आली. कॅनडाचं गाणं ओळखायचं कसं? क्लीस यांनी ‘मेपल’ नावाची पद्धत काढली. चार निकष: संगीत कोणाचं, कलाकार कोण, ध्वनिमुद्रण कुठे झालं आणि शब्द कोणाचे. पुढे यातले किमान दोन निकष पूर्ण होणं गरजेचं ठरलं. संशोधनाच्या भाषेत ही झाली कार्यात्मक व्याख्या, म्हणजे मोजता येईल अशी व्याख्या.

पण सगळ्यांना ‘कॅनडाचं’ या शब्दाचा हाच अर्थ मान्य होता का? नाही. 1978 मध्ये लोकप्रिय गायक स्टॉम्पिन टॉम कॉनर्स यांनी आपले सहा जुनो पुरस्कार परत केले. त्यांचं म्हणणं असं, की जे कलाकार देश सोडून अमेरिकेत करिअर करतात त्यांना हा पुरस्कार कशाला? म्हणजे त्यांच्या लेखी जन्म किंवा नागरिकत्व पुरेसं नव्हतं. काम देशात व्हायला हवं होतं.

1991 मध्ये तर मोठाच पेच पडला. ब्रायन ॲडम्सचं एक गाणं ब्रिटनमध्ये सलग 16 आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. ते ज्या अल्बममध्ये होतं तो अल्बम मात्र मायदेशातल्या रेडिओच्या नियमात ‘कॅनडाचा’ ठरला नाही! गाणी परदेशी सहलेखकासोबत लिहिलेली, त्यामुळे संगीत आणि शब्द हे दोन्ही निकष हातचे गेले. उरला फक्त कलाकाराचा एक निकष. आणि गंमत बघा, 1992 मध्ये जुनोनं त्यालाच वर्षाचा ‘एंटरटेनर’ म्हणून गौरवलं. माणूस तोच, देश तोच, उत्तरं दोन. कारण रेडिओचा नियम गाणं मोजत होता, पुरस्कार माणूस मोजत होता. यालाच आपण विश्लेषणाचं एकक म्हणतो. 1993 मध्ये नियम बदलला आणि सहलेखनात कॅनडाच्या लेखकाचा वाटा निम्मा असला तरी चालेल असं ठरलं.

आणखी एक सापळा आहे. “कोटा आला म्हणून कॅनडाचं संगीत जगात गेलं,” हे वाक्य पटकन पटतं. पण ‘द गेस हू’ हा बँड अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेला तो 1970 मध्ये. ॲन मरेचं ‘स्नोबर्ड’ अमेरिकेत गाजलं तेही 1970 मध्येच. दोन्ही कोट्याच्या आधी! याचा अर्थ कोटा निरुपयोगी होता असा मुळीच नाही. दोन उदाहरणांवरून तसंही म्हणता येत नाही. पण नंतर घडलं म्हणजे त्यामुळेच घडलं, असं म्हणायच्या आधी ‘आधी काय होतं’ हे तपासावं लागतं.

तेव्हा आज आपला विषय समोर ठेवा आणि तीन गोष्टी लिहून काढा. मुख्य संज्ञा मोजायची कशी? एकक कोणतं: व्यक्ती, वस्तू की घटना? आणि तुमच्या व्याख्येमुळे कोण बाहेर राहतंय? तिसऱ्या प्रश्नाला जास्त वेळ द्या. व्हायवाला परीक्षक तिथेच बोट ठेवतात.