चार वर्षं की नव्वद? हरवलेल्या नवऱ्याच्या बायकोचा निवाडा

आजच्या भागात आपण एका जुन्याच प्रश्नाबद्दल बोलणार आहोत. नवरा घर सोडून गेला. निरोप नाही, पैसा नाही, पत्ता नाही. मेला म्हणावं तर पुरावा नाही, जिवंत म्हणावं तर खूण नाही. अशा बाईने वाट पाहायची ती किती वर्षं? तोवर तिने खायचं काय, आणि तिला पुन्हा संसार मांडायचा असेल तर तिने विचारायचं कुणाला?

हा प्रश्न कुठल्या एका धर्माचा नाही. पण आज आपण तो मुसलमान समाजाच्या इतिहासातून बघू. कारण धर्माबद्दल दोन गोष्टी आपण नेहमी ऐकतो. एक म्हणजे, धर्माचा नियम दगडावरची रेघ, तिथे अक्कल चालवायची नाही. दुसरी म्हणजे, अक्कल चालवायची तर आधी धर्म सोडावा लागतो. बेपत्ता नवऱ्याच्या या गोष्टीत दोन्ही बोलणी कशी अपुरी पडतात ते दिसतं.

आधी थोडी पार्श्वभूमी. सुन्नी मुसलमानांमध्ये शरियतीचा अर्थ लावणाऱ्या चार मोठ्या परंपरा आहेत. त्यांना मजहब म्हणतात : हनफी, मालिकी, शाफई आणि हंबली. कुराण एक, पैगंबर एक, नमाज एक. पण व्यवहाराच्या बारीक प्रश्नांवर या चौघांचे निवाडे वेगवेगळे असू शकतात. आपल्या महाराष्ट्रातच बघा. कोकण किनाऱ्यावरचे मुसलमान बहुतेक शाफई आहेत, तर घाटावरचे बहुतेक हनफी. पण म्हणून कोकणातला घाटावरच्याला कमी मुसलमान समजत नाही. मतभेद असूनही दोघं खरे, ही समज या परंपरेत पहिल्यापासून आहे.

आता बेपत्ता नवऱ्याकडे वळू. मालिकी परंपरा मदिना शहरात वाढली. तिचे इमाम मालिक इसवी सन ७९५ मध्ये वारले. त्यांनी खलिफा हजरत उमर यांचा निवाडा आधाराला घेतला : बाईने चार वर्षं वाट पाहावी, मग विधवेसारखी चार महिने दहा दिवसांची इद्दत पाळावी, आणि मग ती मोकळी. हनफी परंपरेने मात्र हजरत अली यांच्याकडून आलेलं मत धरलं : ही बाईची कसोटी आहे, नवऱ्याची पक्की खबर येईपर्यंत तिने सबूर धरावी. पण खबर आलीच नाही तर? तर नवऱ्याच्या वयाची माणसं मरून जाईपर्यंत थांबायचं. पुढे काही हनफी पंडितांनी यासाठी नव्वद वर्षांचं वय धरलं. म्हणजे नवरा तिशीत हरवला असेल, तर बायकोने साठ वर्षं थांबायचं.

आपल्याला हे ऐकून राग येतो. पण त्या पंडितांची बाजूही समजून घेऊ. त्यांचं म्हणणं असं, की जी गोष्ट खात्रीची आहे ती नुसत्या संशयाने मोडता येत नाही. निकाह झाला हे खात्रीचं, नवरा मेला हा संशय. व्यापाराला गेलेला माणूस तेव्हा दहा-दहा वर्षांनी परत यायचा. त्याची जमीन वाटून टाकली, बायकोचा दुसरा निकाह लावून दिला आणि तो दारात उभा राहिला, तर काय करायचं? म्हणजे चार वर्षं म्हणणाऱ्यांनी विचार केला आणि नव्वद म्हणणाऱ्यांनी केला नाही, असं नाही. एकाने नवऱ्याच्या हक्काची काळजी जास्त केली, दुसऱ्याने बाईच्या हालांची. अक्कल दोघांनीही चालवली होती.

हिंदुस्थानात मुसलमान बहुसंख्येने हनफी. इंग्रजांचं राज्य आलं, आणि त्यांच्या न्यायाधीशांनी हनफी ग्रंथांची इंग्रजी भाषांतरं समोर ठेवून निकाल द्यायला सुरुवात केली. जुना काझी माणूस बघायचा, गाव बघायचा, गरज पडली तर वाट काढायचा. १८६४ च्या कायद्याने इंग्रजी कोर्टातलं काझींचं काम संपलं. ग्रंथ राहिला, पण वाट काढणारा माणूस गेला.

मग नवऱ्याने टाकलेल्या, मारहाण सोसणाऱ्या, बेपत्ता नवऱ्याची वाट बघणाऱ्या बाईपुढे काय उरलं? पुरुषाला तलाक द्यायला तोंडाचे शब्द पुरत होते. बाईला नवऱ्याच्या मर्जीशिवाय जवळजवळ काहीच वाट नव्हती. पण त्याच हनफी कायद्यात एक कलम होतं : नवरा-बायकोपैकी कुणी इस्लाम सोडला तर निकाह आपोआप तुटतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पंजाबात काही मुसलमान बायकांनी नेमकं तेच केलं. त्यांनी धर्मांतर केलं, तसं कोर्टाला सांगितलं, आणि कोर्टाने निकाह तुटल्याचा निकाल दिला.

मैत्रिणींनो, हे पाऊल सोपं नव्हतं. ज्या बाईला धर्म नको होता तिची गोष्ट वेगळी. पण जिला फक्त नवरा नको होता, तिला त्यासाठी देवाचं नाव, माहेर, मोहल्ला, सगळंच सोडावं लागत होतं. एका दारातून बाहेर पडण्यासाठी सगळं घरच सोडायचं, असा तो सौदा होता.

यावर जाहीर बोलणाऱ्यांत कवी मुहम्मद इकबाल होते. १९३० मध्ये त्यांची व्याख्यानं पुस्तकरूपाने आली. त्यांत त्यांनी पंजाबातल्या या बायकांचा दाखला दिला आणि चौदाव्या शतकातले स्पेनमधले मालिकी पंडित शातिबी यांची आठवण करून दिली. शातिबींनी सांगितलं होतं की शरियत पाच गोष्टींच्या रक्षणासाठी आहे : दीन म्हणजे धर्म, जीव, अक्ल म्हणजे बुद्धी, संतती आणि माल म्हणजे मालमत्ता. यातले अक्कल आणि माल हे शब्द आपल्या मराठीत रोजचे आहेत. बुद्धीचं रक्षण हे धर्माचंच काम आहे, असं हा धर्मपंडित सांगतो. इकबालांचा सवाल सरळ होता. ज्या नियमामुळे बायका धर्म सोडतात, तो नियम धर्माचं रक्षण करतो असं कसं म्हणायचं?

पण इकबाल इंग्रजी शिकलेले, विलायतेला जाऊन आलेले. त्यांचं ऐकून गावोगावचे मौलवी हलले नसते. हलवलं ते दुसऱ्याच माणसाने. उत्तर प्रदेशातल्या थाना भवनचे मौलाना अशरफ अली थानवी हे देवबंदच्या परंपरेतले मोठे पंडित. बायकांसाठी लिहिलेलं त्यांचं ‘बहिश्ती जेवर’ हे पुस्तक आजही अनेक मुसलमान घरांत सापडतं. जुन्या चालीरीतींना धरून असलेला हा माणूस. सुधारक म्हणून त्यांचं नाव कुणी घेत नसे.

थानवींनी हा प्रश्न हातात घेतला. मदिनेच्या मालिकी मुफ्तींना पत्रं पाठवून बारीकसारीक प्रश्न विचारले आणि फतवे मागवले. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांचा ग्रंथ निघाला. त्याच्या अरबी नावाचा अर्थ साधारण असा : असहाय बायकोसाठी उपयोगी पडणारी युक्ती. त्यात त्यांनी तीन गोष्टी मांडल्या. पहिली, खरी गरज असेल तर हनफी बाईसाठी मालिकी निवाडा वापरता येतो, म्हणजे बेपत्ता नवऱ्यासाठी चार वर्षं. काझी नसेल तिथे जाणत्या मुसलमानांच्या पंचायतीनेही निवाडा द्यावा. दुसरी, निकाहाच्या वेळीच करारात अट लिहून तलाकचा अधिकार बायकोकडे देता येतो. तिसरी, बाईने इस्लाम सोडला म्हणून निकाह तुटत नाही. म्हणजे त्यांनी एक दार बंद केलं, पण त्याआधी दुसरी दारं उघडली.

त्यांनी कुठलाही नवा धर्म सांगितला नाही. आपल्याच घरातल्या दुसऱ्या खोलीत ठेवलेली वस्तू त्यांनी काढून आणली. हे काम एकट्या हिंदुस्थानात झालं असंही नाही. तुर्कस्तानच्या उस्मानी राज्याने १९१७ मध्ये आणि इजिप्तने १९२० मध्ये कौटुंबिक कायदे करताना अशाच रीतीने दुसऱ्या मजहबांचे निवाडे घेतले होते.

पुढे काझी मुहम्मद अहमद काझमी यांनी १९३६ मध्ये दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळात विधेयक मांडलं. हनफी कायद्यात सोय नसल्यामुळे असंख्य मुसलमान बायकांचे अतोनात हाल झाले, हे विधेयकाच्या उद्देशातच लिहिलं होतं. १९३९ मध्ये मुस्लीम विवाहविच्छेद कायदा झाला. असे खटले मुसलमान न्यायाधीशापुढेच चालावेत हे उलेमांचं म्हणणं मात्र वगळलं गेलं, आणि त्याबद्दल त्यांची नाराजी राहिली.

हा कायदा आजही लागू आहे, म्हणून त्यातल्या मुख्य गोष्टी लक्षात ठेवा. नवऱ्याचा चार वर्षं ठावठिकाणा नसेल, त्याने दोन वर्षं पोटगी दिली नसेल, त्याला सात वर्षं किंवा त्याहून जास्त कैद झाली असेल, तीन वर्षं कारण नसताना तो संसाराची कर्तव्यं करत नसेल, तो छळ करत असेल, तर मुसलमान बाई कोर्टातून निकाह तोडून घेऊ शकते. छळात नुसती मारहाण येत नाही. तिची मालमत्ता विकणं, तिला तिचा धर्म पाळू न देणं, एकाहून जास्त बायका असताना कुराणाप्रमाणे सारखं न वागवणं, हेही येतं. मेहरवरचा तिचा हक्क जात नाही. आणि हनफी पंडितांची जुनी काळजीही कायद्याने टाकून दिलेली नाही. बेपत्ता नवऱ्याच्या वारसांना नोटीस द्यावी लागते, त्याचा चुलता आणि भाऊ असतील तर त्यांनाही. निकाल सहा महिन्यांनी लागू होतो. तेवढ्यात नवरा आला आणि नांदवायला तयार आहे असं त्याने कोर्टाला पटवलं, तर निकाल रद्द होतो.

त्याच काळात बाकीच्या बायकांचं काय होतं हेही बघू. १९३९ मध्ये आपल्या मुंबई इलाख्यातल्या हिंदू बाईला कायद्याने घटस्फोटच नव्हता. काही जातींत काडीमोडाची रीत होती, तेवढीच. मुंबई इलाख्याचा कायदा १९४७ मध्ये आला, देशाचा १९५५ मध्ये. त्यात बेपत्ता जोडीदारासाठी सात वर्षं धरली आहेत. तेव्हा या बाबतीत कुणी कुणाला नावं ठेवू नयेत.

सगळं मिटलं असंही नाही. बाईला कोर्टाची पायरी चढावी लागत होती, पुरुषाचा तोंडी तलाक तसाच राहिला. १८ एप्रिल १९६६ ला हमीद दलवाई यांच्या पुढाकाराने सात मुसलमान बायकांनी मुंबईत त्याविरुद्ध मोर्चा काढला. दलवाई चिपळूणजवळच्या मिरजोळीचे. १९७० मध्ये त्यांनी पुण्यात मुस्लीम सत्यशोधक मंडळ काढलं. त्यांनी धर्मग्रंथाचा आधार मागितला नाही, माणुसकी आणि समान हक्क एवढ्यावरच ते बोलले. ती वाट थानवींच्या वाटेहून पार वेगळी. पुढच्या काळात मुसलमान बायकांच्या संघटना कुराण आणि राज्यघटना दोन्ही हातात घेऊन बोलू लागल्या. २२ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाने एका दमात दिलेला तिहेरी तलाक रद्द ठरवला. पाच न्यायाधीशांत तीन विरुद्ध दोन असा तो निकाल होता.

या इतिहासातून आम्हाला एक गोष्ट ठळक दिसते. चार वर्षांचा निवाडा हजार वर्षांहून जास्त काळ ग्रंथात होता. पंडितांना तो ठाऊकही होता. पण बायकांनी ‘हे सोसवत नाही’ असं म्हणून पाऊल उचललं, तेव्हा कुठे ते पान उघडलं गेलं. इतिहासात मौलानांचं नाव आहे, कवीचं आहे, विधेयक मांडणाऱ्याचं आहे. ज्या बायकांनी हा प्रश्न कोर्टाच्या दारात नेला, त्यांची नावं आपण कुणी घेत नाही. पण प्रश्न त्यांचाच होता.

तेव्हा मैत्रिणींनो, गटाच्या पुढच्या बैठकीत यावर बोला. आपल्या गावात बेपत्ता किंवा टाकून गेलेल्या नवऱ्याची वाट बघणारी कुणी आहे का, तिला तिचा कायदा माहीत आहे का, हे विचारा. तालुक्याच्या विधी सेवा समितीकडून बायकांना मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. मुलीचा निकाह ठरत असेल तर करारात काय लिहायचं ते आधी वाचा. आणि ‘धर्मात असंच आहे’ असं कुणी म्हटलं, तर आवाज न चढवता विचारा : धर्मात आणखी काय काय आहे? थानवींनी मदिनेला पत्रं पाठवून तेच विचारलं होतं. आपणही विचारू शकतो.