बातमी वाचणाऱ्याचे श्रम



ज्याचे हात काळे होतात त्यास आपण कामगार म्हणतो. ज्याचा घसा झिजतो त्यास तसे म्हणण्यास आपण सहसा तयार नसतो. म्हणूनच आज आम्ही दूरदर्शनवरील वृत्तनिवेदकाच्या व्यवसायाचा इतिहास मांडीत आहो, आणि त्यासाठी कै. प्रदीप भिडे यांचे उदाहरण घेत आहो.

भारतात दूरदर्शनचा आरंभ १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीस झाला. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले व पुढल्या वर्षी त्याचे कार्यक्रम पुण्यास दिसू लागले. आपले बडनेरा मुंबई-नागपूर लोहमार्गावरील जंक्शन खरे; परंतु येथे मुंबईची गाडी येई, मुंबईचे चित्र येत नसे. ८ मे १९७४ रोजी देशव्यापी रेल्वे संप सुरू झाला, तेव्हा रेल्वे चाळींतील कुटुंबांना सरकारी बाजू ऐकू येई ती आकाशवाणीवरून. संपवाल्यांची बाजू ऐकावयाची तर द्वारसभेस जावे लागे.

त्या पहिल्या काळात मुंबई केंद्रावर मराठी बातम्या देणाऱ्यांत स्मिता पाटील होत्या, भक्ती बर्वे होत्या, अनंत भावेही होते. स्मिताबाई चित्रपटाकडे गेल्या, भक्तीबाईंनी रंगभूमी गाजविली, भावे बालसाहित्यात रमले. भिडे मात्र बातमीपाशीच राहिले. विज्ञानाचे हे पदवीधर पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये पत्रकारिता शिकले आणि त्यांनी कित्येक दशके मराठी घरांत बातमी पोहोचविली. ७ जून २०२२ रोजी ते निवर्तले, तेव्हा अनेकांना आपल्या घरचेच माणूस गेल्यासारखे वाटले.

हा विश्वास कशाने मिळाला? शिस्तीने. समोर कागद, त्यावरील मजकूर दुसऱ्याने लिहिलेला, कित्येकदा ऐन वेळी हाती आलेला. तो न अडखळता, शब्दाचे वजन ओळखून आणि स्वतःचा राग-लोभ बाजूस ठेवून वाचावयाचा. या आवाजामागे वार्ताहर, भाषांतरकार, छायाचित्रक, टंकलेखक अशी फौज असे. आणखी एक गोष्ट श्रोत्यांना ठाऊक नसेल: घरोघरी ओळखले जाणारे हे चेहरे पुष्कळदा कायम नोकरीतले नसत. जितकी वार्तापत्रे वाचली, तितक्यांचेच मानधन. गिरणीतील बदली कामगाराची व त्यांची जात एकच!

परंतु वाचणारा कितीही प्रामाणिक असला, तरी कागद कोणाच्या हाती, हा प्रश्न उरतोच. २५ जून १९७५ रोजी आणीबाणी आली, आणि सरकारला अप्रिय ते कागदावर उतरेनासे झाले. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लक्ष कामगार बाहेर पडले. त्यांच्या घरची चूल त्या छोट्या पडद्यावर किती दिसली? हा दोष वाचणाऱ्याचा नव्हे, मालकीचा होय. प्रसार भारतीचा कायदा १९९० साली झाला, अंमलात यावयास १९९७ साल उजाडले.

पुढे खाजगी वाहिन्या आल्या; २००७ पासून मराठीत अहोरात्र बातम्या सुरू झाल्या. निवेदक प्रश्न विचारू लागला, ही प्रगती खरीच. सत्तेला जाब विचारणारे निर्भय पत्रकारही त्यातून पुढे आले. पण पुष्कळ ठिकाणी सरकारच्या जागी जाहिरातदार बसला, आणि प्रश्नाच्या जागी आरडाओरड आली. संप झाला की प्रवाशांचे हाल दिसतात. तो का झाला, हे सांगावयास मात्र वेळ पुरत नाही.

तात्पर्य, भिड्यांच्या काळाचा संयम हवा, पण त्या काळचे बंधन नको. आजचे प्रश्न हवेत, पण आजचा गोंगाट नको. बातमी सांगणाऱ्याची नोकरी सुरक्षित असेल, तरच त्याची जीभ मोकळी राहील. ज्याला उद्याच्या पोटाची चिंता आहे, त्याने आपल्यासाठी सत्य बोलावे अशी अपेक्षा करताना, त्याच्या भाकरीसाठी आपण काय केले, हेही विचारावयास हवे.