हळदीचा हक्क

नरकचतुर्दशीला उटण्याची वाटी पाहिली, की मला आईची हळद आठवते. गुडघा फुटला, की ती चिमूटभर दाबी. १८१५ साली फोगेल व पेल्तिए यांनी हळदीतले पिवळे द्रव्य वेगळे काढले. तेच कर्क्युमिन! फिनॉल वर्गातले, ऑक्सिडीकरणाला आळा घालणारे. पुढे १९९५ साली अमेरिकेत जखमेवर हळद वापरण्याचेच पेटंट दिले गेले! डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखालील सी.एस.आय.आर.ने ते आव्हानले. १९९७ साली ते रद्द झाले. तिकडच्या तेव्हाच्या कायद्याला परदेशातली नुसती वहिवाट पुरत नव्हती. छापील आधार हवा होता. आईची चिमूट तिथे हरली असती. म्हणून वर्गात मुलांना सांगतो, आजीला विचारा. आणि बाळांनो, लिहून ठेवा.