कार्यघडण आणि पुढाकारशील नेतृत्व

कार्यघडण ही व्यवस्थापनशास्त्र व संघटनात्मक मानसशास्त्रातील एक संकल्पना आहे. कर्मचाऱ्याने आपल्या कामाची व्याप्ती, कामातील संबंध आणि कामाकडे पाहण्याची दृष्टी यांत स्वतःहून केलेल्या बदलांना कार्यघडण म्हणतात. कार्यरचनेत बदल वरिष्ठ ठरवतात. कार्यघडणीत तो काम करणाऱ्याकडून सुरू होतो. अडचण येण्याची वाट न पाहता बदल घडवू पाहणाऱ्या, म्हणजेच पुढाकारशील नेतृत्वाचा कार्यघडणीवर होणारा परिणाम हा या विषयातील अभ्यासाचा एक भाग आहे.

संकल्पनेचा विकास

१९९३ मध्ये थॉमस बेटमन व मायकेल क्रँट यांनी पुढाकारशील व्यक्तिमत्त्व मोजण्याची श्रेणी मांडली. कार्यघडणीची संकल्पना ॲमी रेझनेस्की व जेन डटन यांनी २००१ मध्ये मांडली. रुग्णालयातील काही सफाई कर्मचारी रुग्णांची विचारपूस करतात आणि स्वतःला उपचाराचा भाग मानतात, हे त्यांच्या लेखनातील प्रसिद्ध उदाहरण होय. २०१२ मध्ये मारिया टिम्स व सहकाऱ्यांनी कार्यघडण मोजण्याची श्रेणी विकसित केली.

नेतृत्वाचा प्रभाव

हा प्रभाव मुख्यतः तीन मार्गांनी पडतो. नेत्याचे वर्तन पाहून कर्मचारी पुढाकार घेण्यास शिकतात. निर्णयाचे अधिकार व साधने मिळाल्याने बदल शक्य होतो. चूक झाल्यास शिक्षा होणार नाही, या विश्वासामुळे नवे प्रयोग करण्याचे धैर्य येते. मात्र नेत्याने आदेश देऊन करवून घेतलेला बदल कार्यघडण ठरत नाही.

चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील उदाहरणे

अभय व राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गडचिरोली जिल्ह्यातील ३९ गावांत घरोघरी नवजात बालसेवेचा प्रयोग केला. गावातील स्त्रियांना बाळाची तपासणी, जंतुसंसर्गाचे निदान व प्रतिजैविकाचे इंजेक्शन देण्याचे प्रशिक्षण देण्यात आले. तुलनेच्या गावांपेक्षा नवजात मृत्युदर सुमारे ६२ टक्क्यांनी घटल्याचा निष्कर्ष १९९९ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. या आरोग्यदूतांच्या कामाची रूपरेषा संस्थेने आखलेली असल्याने हे प्रामुख्याने कार्यरचनेचे उदाहरण आहे. परंतु अधिकार व कौशल्य खालच्या पायरीपर्यंत पोहोचल्यास काय साधते, हे त्यातून दिसते.

पोंभुर्णा तालुक्यालगतच्या गोंडपिपरी तालुक्यातील पाचगाव हे याहून वेगळे उदाहरण आहे. या भागात बांबूची तोड वनविभाग वा कागद उद्योगासाठी होत असे आणि गावकऱ्यांचा वाटा बहुधा मजुरीपुरता असे. वनहक्क कायद्यान्वये २०१२ मध्ये पाचगावला सुमारे १,००० हेक्टर वनक्षेत्रावर सामूहिक हक्क मिळाला. या हक्कासाठी पारोमिता गोस्वामी यांच्या संघटनेने गावाला साहाय्य केले होते. त्यानंतर बांबूची तोड, विक्री व जंगलाची राखण यांचे नियम ग्रामसभा ठरवू लागली. तेंदूपाने गोळा करण्यासाठी झाडे छाटली जातात व आगी लावल्या जातात, म्हणून ते उत्पन्न सोडण्याचा निर्णयही गावाने घेतला. ग्रामसभा ही आस्थापना नाही आणि गावकरी तिचे नोकर नाहीत. त्यामुळे ही रूढ अर्थाने कार्यघडण नव्हे. तरीही बाहेरून मिळालेली साथ व कायदेशीर अधिकार यांमुळे काम करणाऱ्यांनीच आपले काम नव्याने घडवल्याचे हे जवळचे उदाहरण आहे.

मर्यादा

अधिकार वा मोबदला न वाढवता केवळ पुढाकाराची अपेक्षा ठेवल्यास कार्यघडण म्हणजे विनावेतन वाढीव काम ठरू शकते. एकाने टाळलेले काम सहकाऱ्यांवर पडण्याचाही संभव असतो. तसेच स्वयंस्फूर्त बदल संस्थेच्या उद्दिष्टांशी सुसंगत असतीलच असे नाही.