पुण्याची जुनी छापील चित्रे : श्रम, बाजार आणि संस्कृती

शहराचा इतिहास केवळ बखरींत आणि दफ्तरांतच असतो असे नाही. भिंतीवरच्या जुन्या रंगीत चित्रातही तो दडलेला असतो. पुण्यात या चित्रांचा विचार चित्रशाळेपासून करावा लागतो. विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनी १८७८ साली सहकाऱ्यांसह हा छापखाना काढला. रामपंचायतन, नाना फडणवीस अशी चित्रे तेथे छापली गेली. हाताने रंगविलेले चित्र बहुधा श्रीमंताच्या वाड्यापुरते असे. छापील चित्र सामान्याच्या खोलीत पोहोचले. देवाशेजारी पेशवाईतील मुत्सद्दीही भिंतीवर आला. परकीय राजवटीत ही गोष्ट लहान नव्हती.

या चित्रांमागे मोठे कष्ट होते. शिळाप्रेसवर चित्र दगडावर उलटे काढावे लागे. जितके रंग तितके दगड, आणि प्रत्येक रंगासाठी तोच कागद पुन्हा दाबाखाली. एक रंग केसभर सरकला तरी चित्र बिघडे. छपाई संपली की दगड घासून त्यावर नवे चित्र काढीत. म्हणजे दगडावरचे मूळ पुसले जाई आणि उरे तो केवळ कागद. त्या कागदाच्या तळाशी छापखान्याचे नाव आढळते. दगड घासणाऱ्याचे, शाई लावणाऱ्याचे आढळत नाही.

बाजाराची साक्ष कापडाच्या ताग्यांवरील लेबले देतात. विलायती गिरण्यांच्या मालावर देवदेवता, हत्ती, मोर यांची रंगीत लेबले चिकटवलेली असत. वाचता न येणारा ग्राहकही 'छाप' ओळखून माल मागे. परदेशी व्यापाऱ्याने येथील श्रद्धेचाच माल खपविण्यासाठी उपयोग केला. १९०५ साली पुण्यात विदेशी कापडाची होळी झाली. देशी गिरण्यांनीही अशीच चित्रे आपल्या लेबलांवर छापली. माल बदलला, पण चित्राची भाषा तीच राहिली. कित्येक घरांत तर देवीच्या छापील चित्राला खऱ्या कापडाची साडी, जर आणि टिकल्या लावीत. यंत्राने छापलेल्या कागदाला घरातील स्त्रियांच्या हातांनी पुन्हा एकमेव केले.

हा ठेवा आज वेगाने नाहीसा होत आहे. १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुरात नदीकाठच्या पेठांतील असंख्य घरांचे सामान गेले. पुढे वाडे पाडून इमारती उभ्या राहिल्या, तेव्हा फुटक्या काचेच्या तसबिरी रद्दीत गेल्या. दुकानांतील जुनी लेबले आणि नमुनावह्या यांना तर इतिहास म्हणून कोणी पाहिलेच नाही.

जैन समाजाने ज्ञानभांडारांतून हस्तलिखिते शतकानुशतके जपली. ज्ञानपंचमीला ग्रंथांवरील धूळ झटकून त्यांची पूजा करण्याची परंपरा आजही चालू आहे. कापडव्यापारात पिढ्यान्‌पिढ्या असलेल्या कुटुंबांनी त्या दिवशी माळ्यावरील एखादी जुनी तसबीर, एखादे लेबलही बाहेर काढावे, कोरड्या जागी ठेवावे आणि ते कोठून आले हे मागच्या बाजूस लिहून ठेवावे. ज्यांची नावे चित्रावर कधी आली नाहीत, त्या हातांची तेवढीच खूण उरली आहे.